ग्रॅनबी वॉर्डाची नगरसेविका

चुलीवर भाजी असेल तर जाळ जरा कमी करा आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवा. आज आपल्याला लांब जायचंय.

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक झाली. हिशेब संपला आणि चहा होईस्तोवर पंचायतीच्या निवडणुकीच्या गप्पा निघाल्या. एक मावशी म्हणाल्या, "आपल्याला निदान राखीव जागा तरी हायेत. त्या इंग्रजांच्या बायकांना काय अडचण असणार? त्यांची तर राणीच होती." सगळ्या हसल्या. पण घरी जाताना आमच्या लक्षात आलं की मावशींना उत्तर कुणालाच देता आलं नव्हतं. मग आम्ही दोघी-तिघींनी पुस्तकं मिळवली, वाचलं, एकमेकींना सांगितलं. ते आज तुम्हाला सांगतो.

मावशींची राणी म्हणजे व्हिक्टोरिया. ती ६३ वर्षं गादीवर होती. एवढ्या वर्षांत बाई देशाची राणी होऊ शकत होती, पण शहराच्या कौन्सिलवर निवडून जायला तिला कायद्याने परवानगी नव्हती. आपल्याकडे नगरपालिका असते तसंच ते कौन्सिल. आणि राणीबाईंना स्वतःलाच बायकांच्या हक्कांची चळवळ आवडत नव्हती. म्हणजे राणी असून काही उपयोग नाही, मावशी!

आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट लिव्हरपूल शहराची. इंग्लंडच्या पश्चिमेला मर्सी नावाची नदी समुद्राला मिळते, तिथे हे मोठं बंदर आहे. त्याचं आपल्याशी नातं जुनं आहे. वऱ्हाडातला कापूस मुंबईहून जहाजात चढायचा आणि लिव्हरपूलच्या गोदीत उतरायचा. अमरावतीच्या नावावरून त्या कापसाला तिकडच्या बाजारात नावच पडलं होतं, 'उमरा'. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद झाला, तेव्हा तर आपल्या कापसाला तिकडे फार मागणी आली. आपल्या पणज्यांनी वेचलेल्या कापसाचे गठ्ठे ज्यांनी पाठीवर वाहिले, त्या हमालांच्या घरांतूनच आजची गोष्ट पुढे जाते.

हे शहर श्रीमंत होतं आणि तितकंच गरीबही. आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथली हजारो माणसं उपाशीपोटी इथे उतरली. तळघरांत, अंधाऱ्या बोळांत राहिली. १८३२ साली कॉलऱ्याची साथ आली. किटी विल्किन्सन नावाची एक धुणंवाली होती, मूळची आयर्लंडची. तिच्या गल्लीत पाणी तापवायचा मोठा बंब फक्त तिच्याकडे होता. तिने शेजारणींना सांगितलं, आजाऱ्यांची अंथरुणं-कपडे माझ्याकडे आणा आणि उकळून धुवा. आठवड्याला एक पेनी घ्यायची. पुढे १८४२ मध्ये लिव्हरपूलमध्ये सार्वजनिक धुण्याचं घर उघडलं आणि काही वर्षांनी किटी आणि तिचा नवरा तिथले व्यवस्थापक झाले. निवडणूक नाही, पद नाही, तरी पालिकेचं काम धुणंवालीने करून दाखवलं. तिच्या पाठीशी एक श्रीमंत व्यापारी कुटुंब उभं होतं. आडनाव रॅथबोन. हे आडनाव लक्षात ठेवा.

आता कायद्याचं सांगतो. जरा किचकट आहे, पण ऐका.

१८६९ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की जी बाई स्वतःच्या नावावर घरपट्टी भरते तिला शहराच्या निवडणुकीत मत देता येईल. ऐकायला छान वाटतं. पण स्वतःच्या नावावर घर कुणाचं? विधवेचं किंवा लग्न न केलेलीचं. लग्न झालेलीचं घर नवऱ्याच्या नावावर. १८७२ मध्ये एक खटला झाला आणि कोर्टाने स्पष्टच सांगितलं की लग्न झालेल्या बाईचं नाव यादीत असलं तरी तिला मत देता येणार नाही. म्हणजे कुंकू लागलं की मत गेलं. आमच्या गटातल्या एका काकूंनी हे ऐकल्यावर विचारलं, "आणि नवरा मेला की परत मिळायचं?" हो काकू, घर तिच्या नावावर झालं की परत मिळायचं.

हे झालं मताचं. निवडून जायचं प्रकरण वेगळं. १८८९ मध्ये लंडनच्या नव्या काउंटी कौन्सिलच्या पहिल्या निवडणुकीला काही बायका उभ्या राहिल्या, कारण कायद्यात 'बाईला उभं राहता येणार नाही' असं कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. लेडी सँडहर्स्ट आणि जेन कॉब्डेन दोघी निवडून आल्या. लेडी सँडहर्स्टच्या विरोधात हरलेला उमेदवार कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, बाईला मत आहे, पण बसायचा हक्क नाही. तिची जागा काढून त्या हरलेल्या गृहस्थाला दिली. लोकांनी ज्याला पाडलं तोच खुर्चीवर.

जेन कॉब्डेनचं तर त्याहून नवल. कायद्यात एक फट होती. निवडणुकीला वर्षभरात कुणी आव्हान दिलं नाही तर ती निवड पक्की धरायची. म्हणून ती वर्षभर सभेत मत न देता गप्प राहिली. वर्ष उलटल्यावर कामाला लागली, तर तिच्यावर खटला भरला. निकाल असा आला की बाईंची निवड पक्की आहे, पण बाईंनी काम करणं बेकायदा आहे! दंड आधी २५० पौंड झाला, तो अपिलात ५ पौंडांवर आला. उरलेली मुदत ती न बोलता, न मत देता काढत राहिली. लोकांनी निवडून दिलेली बाई सभागृहात मुकी बसलेली. आपल्याकडे सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी तिचे 'पती' बसलेले असतात ना, त्याची आम्हाला आठवण झाली. फक्त तिकडे ते काम कोर्टाने केलं होतं.

त्यानंतर अठरा वर्षं बायकांच्या संघटना विनंत्या, अर्ज, सभा करत राहिल्या. १९०७ मध्ये कायदा आला आणि शहराच्या व काउंटीच्या कौन्सिलवर बायकांना उभं राहायची मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, मँचेस्टरच्या कौन्सिलवर मार्गारेट अ‍ॅश्टन निवडून गेल्या. त्याच वर्षी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टरबाई ऑल्डबरा नावाच्या छोट्या गावाच्या महापौर झाल्या. इंग्लंडमधली ती पहिली बाई महापौर.

आणि १९०९ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रॅनबी वॉर्डातून एलिनॉर रॅथबोन निवडून आली. त्या कौन्सिलवर निवडून आलेली पहिली बाई. किटी विल्किन्सनला मदत करणाऱ्या घरातली नात.

एलिनॉरचा जन्म १८७२ चा. वडील मोठे व्यापारी आणि खासदार. गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्स नेमण्याचं काम त्यांनी लिव्हरपुलात १८५९ साली सुरू केलं होतं. मुलीला त्यांनी ऑक्सफर्डला शिकायला पाठवलं. ती सगळा अभ्यास शिकली, पण त्या काळी तिथे बायकांना पदवी देत नसत. १९२० पर्यंत देत नव्हते. पदवी न घेताच ती घरी आली आणि गरिबांना मदत देणाऱ्या संस्थेच्या कामाला लागली. घरोघरी जायचं, चौकशी करायची, मदत द्यायची का नाही ते लिहायचं. आपण सर्वेक्षणाला जातो तसंच.

तिथे तिला गोदी कामगारांची घरं दिसली. गोदीतलं काम रोजचं नव्हतं, अर्ध्या दिवसाचं होतं. आपल्या मजूर अड्ड्यावर माणसं उभी राहतात तशी दिवसातून दोनदा माणसं उभी राहायची आणि मुकादम ज्याला निवडील त्याला काम. एका आठवड्याला सहा दिवस, दुसऱ्या आठवड्याला दोन. एलिनॉरने या कामाची पाहणी करून अहवाल लिहिला. पुढे तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या कामगारांच्या बायकांकडून घरखर्चाचे हिशेब गोळा केले. भाडं किती, कोळसा किती, पाव किती, चहा किती, गहाण काय पडलं, उसनं कुणाकडून आणलं. तो अहवाल १९०९ मध्ये छापला गेला, ती निवडून आली त्याच वर्षी.

त्या आधी लोक म्हणायचे, गरीब बाई उधळी असते, तिला घर चालवता येत नाही. हिशेब कागदावर आल्यावर दिसलं की मिळकतच दर आठवड्याला वरखाली होत असेल तर सोन्यासारख्या बाईलाही घर चालवता येणार नाही. आणि आणखी एक दिसलं. नवऱ्याने किती कमावलं ते एक, आणि त्यातलं बायकोच्या हातात किती पडलं ते दुसरं. दोन्ही आकडे एक नसायचे. गटातल्या कुणालाही विचारा, हे समजायला ऑक्सफर्ड लागत नाही. पण अहवालात लिहायला कुणीतरी लागतं.

आता निवडणूक. त्या वेळी लिव्हरपूलच्या कौन्सिलमध्ये शंभराहून जास्त सभासद होते. शहरात धर्मावरून मोठी तेढ होती, प्रोटेस्टंट एकीकडे आणि आयरिश कॅथलिक दुसरीकडे. मतंही त्यावरच पडायची. १९०९ च्या उन्हाळ्यात तर दंगेच झाले. कौन्सिलवर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची घट्ट पकड होती. अशा शहरात एलिनॉर अपक्ष उभी राहिली. ना हा पक्ष ना तो. आणि अपक्षच राहून ती पुढे सुमारे पंचवीस वर्षं त्या वॉर्डातून निवडून येत राहिली.

पण एक गोष्ट आम्हाला टोचली, ती सांगतो. तिला मत कुणी दिलं? घरपट्टी भरणाऱ्या पुरुषांनी, आणि बायकांपैकी विधवा व अविवाहित घरमालकिणींनी. ज्या हमालांच्या बायकांनी आपल्या चुलीचा हिशेब तिला लिहून दिला होता, त्यांना नवरा असल्यामुळे मतच नव्हतं. त्यांना शहराच्या निवडणुकीत मत मिळालं १९१८ मध्ये, तेही तीस वर्षं पूर्ण झाली असतील तर. एलिनॉर स्वतः कौन्सिलवर बसत होती, पण पार्लमेंटच्या निवडणुकीत तिलाही १९१८ पर्यंत मत नव्हतं. तेव्हा ती ४६ वर्षांची होती.

तुम्ही म्हणाल, कौन्सिलवर बसून असं काय मोठं होतं? घरं, ट्राम, वीज, पाणी, शाळा, पोलीस, सगळं कौन्सिलच्या हातात. लिव्हरपूलच्या कौन्सिलने १८६९ मध्येच गरिबांसाठी सरकारी चाळी बांधल्या होत्या. आणि शहराला पाणी हवं म्हणून १८८० च्या दशकात शेजारच्या वेल्समध्ये मोठं धरण बांधलं, त्यात ल्लानुदिन नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. धरणग्रस्त आपल्याकडेच असतात असं नाही. एवढा अधिकार ज्या सभागृहात, तिथे १९०९ पर्यंत एकही बाई नाही.

एलिनॉरने तिथे घरांचे प्रश्न लावून धरले. १९१३ मध्ये शहरातल्या विधवांना सरकारी मदत कशी तुटपुंजी मिळते, त्याचा अहवाल लिहिला. त्याच वर्षी तिने लिव्हरपुलात महिला नागरिकांची संघटना काढली. मत मिळायच्या आधीच बायकांना नगरपालिकेचा कारभार कळावा, हा तिचा हेतू. आम्हाला हे पटलं. आमच्याकडे आधी पद मिळतं आणि मग ठराव कसा लिहायचा ते शिकायला आम्ही पळतो.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. पुरुष सैन्यात गेले. सैनिकाच्या बायकोला सरकारकडून भत्ता मिळायचा, आणि जितकी मुलं तितका जास्त. लिव्हरपुलात हजारो बायकांचे पैसे अडकले, कागद सापडेनात. सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेचं तिथलं काम एलिनॉरने हातात घेतलं. आणि पाहता पाहता तिला दिसलं की दर आठवड्याला ठरलेला पैसा थेट आईच्या हातात पडला की मुलांच्या पोटात जातो, पायात बूट येतात. मुकादमाच्या बोटावर घर टांगलेलं राहत नाही.

इथून तिने एकच धोशा धरला. मुलं वाढवणं हे काम आहे, आणि त्यासाठी देशाने आईला पैसे द्यावेत, नवऱ्याच्या पगारावर सोडू नये. १९२४ मध्ये तिने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. पुष्कळ लोकांनी विरोध केला. कामगार संघटनांतल्या काहींना भीती होती की मालक म्हणतील, मुलांचे पैसे सरकार देतंय, मग पगार कशाला वाढवायचा. ती भीती अगदीच खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. १९२२ मध्ये ती लिव्हरपूलमधूनच पार्लमेंटला उभी राहिली आणि पडली. १९२९ मध्ये विद्यापीठांच्या मतदारसंघातून निवडून गेली, अपक्षच.

इथे एक गोष्ट लपवून ठेवावीशी वाटत नाही. खासदार झाल्यावर एलिनॉरने हिंदुस्थानातल्या बालविवाहाचा प्रश्न हाती घेतला. १९२९ मध्ये लंडनला तिने परिषद भरवली, हिंदुस्थानातल्या बायकांविषयी. तिथे धन्वंती रामा राव उभ्या राहिल्या आणि त्यांनी हरकत घेतली की आमचे प्रश्न सोडवायची जबाबदारी ब्रिटिश बायकांनी आपल्या डोक्यावर घेऊ नये, आम्ही समर्थ आहोत. आपल्या पुण्यातच १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली सभा भरली होती. म्हणजे आपल्या बायका झोपलेल्या नव्हत्या. १९३२ मध्ये एलिनॉर इकडे येऊन गेली. मताधिकाराबाबतही मतभेद झाले. निदान मतदार असलेल्यांच्या बायकांना तरी आत्ता मत घ्या आणि राखीव जागा घ्या, असं तिचं म्हणणं. इथल्या संघटना म्हणत होत्या, आम्हाला राखीव जागा नकोत, प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या.

यावर आमच्यातच वाद झाला. आमच्यातल्या दोघी राखीव जागेवरूनच पंचायतीत आल्या. त्या म्हणाल्या, जागा राखीव नसती तर आम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. तिसरी म्हणाली, पण त्या बायका सगळ्यांसाठी मागत होत्या, फक्त मतदारांच्या बायकोसाठी नाही. दोघींचंही आम्हाला पटलं आणि वाद तसाच राहिला. एलिनॉर मात्र तिथे चुकली असं आमचं मत झालं. लिव्हरपुलात ती आधी बायकांचे हिशेब ऐकून घेत होती, मग बोलत होती. इकडे तिने आधी पुस्तक वाचलं आणि मग बोलली.

आता पुन्हा तिकडे जाऊ. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. १९४५ मध्ये सरकारने शेवटी कुटुंब भत्त्याचा कायदा आणला. पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग. एलिनॉर तेव्हा ७२-७३ वर्षांची. तिने कागद वाचला तर त्यात लिहिलेलं, पैसा बापाच्या नावावर.

तीस वर्षं जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. ती उभी राहिली आणि म्हणाली की असंच राहिलं तर मी या कायद्याच्या विरोधात मत देईन. बायकांच्या संघटनांनी दबाव आणला. सरकारने खासदारांना आपापल्या मताने मत द्यायला मोकळं सोडलं आणि कायद्यातला शब्द बदलला. पैसे आईला.

जानेवारी १९४६ मध्ये एलिनॉर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले पैसे वाटले गेले. बायका पुस्तक घेऊन पोस्टात गेल्या आणि आपल्या हाताने पैसे घेऊन आल्या.

थांबण्याआधी ग्रॅनबी वॉर्डाचं काय झालं तेही सांगतो, कारण मावशींनी विचारलंच. पुढे तो भाग पडत्या काळात गेला. तिथे आफ्रिका, कॅरिबियन अशा कुठून कुठून आलेल्या लोकांची वस्ती झाली. १९८१ मध्ये तिथे मोठे दंगे झाले. कौन्सिलने घरं रिकामी केली, खिडक्यांना पत्रे ठोकले, गल्ल्या पाडायचं ठरवलं. चार गल्ल्या उरल्या. तिथल्या उरल्यासुरल्या रहिवाशांनी, त्यात बायकाच पुढे, रस्ता झाडला, बंद घरांच्या भिंती रंगवल्या, कुंड्यांतून आणि जुन्या डब्यांतून झाडं लावली आणि गल्लीत बाजार भरवायला लागल्या. २०११ मध्ये त्यांनी मिळून जमिनीचा ट्रस्ट केला आणि कौन्सिलकडून काही घरं मागून घेऊन दुरुस्त केली. २०१५ मध्ये त्या कामाला कलेसाठीचं इंग्लंडमधलं मोठं बक्षीस मिळालं, टर्नर पुरस्कार. तरुण वास्तुरचनाकारांच्या गटाचं नाव त्यावर आहे, पण कुंड्या बायकांच्या होत्या.